ग्वाल्हेरहून औली: जुन्या, छोट्या उतारावर स्की शिकायचे तर

उत्तराखंडातल्या औलीला स्की शिकायला निघताना, वर नेणारे यंत्र बंद आहे असे धरूनच बेत आखा. जोशीमठहून औलीला जाणारा सुमारे ४ किलोमीटरचा रोपवे २०२३च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचू लागली तेव्हा बंद करण्यात आला. उतारावर ८०० मीटरची चेअरलिफ्ट (खुर्चीत बसवून नेणारी) आणि ५०० मीटरची स्की-लिफ्ट (उभ्याने ओढून नेणारी) आहे, पण वारा, वीज आणि दुरुस्ती यांच्यावर त्यांचे चालणे ठरते. बर्फाचेही तसेच. २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांच्या निमित्ताने इथे कृत्रिम बर्फाची यंत्रे आली. हवा कोरडी आणि शून्याखाली दोन-तीन अंश नसेल, तर अशी यंत्रे नुसते पाणी फवारतात.

हे सगळे खरे असूनही पहिल्यांदा शिकणाऱ्याला आम्ही औलीच सुचवतो. उतार रुंद आहे, खालच्या भागात सौम्य आहे, गर्दी मोजकी असते, आणि शिकवणारे त्याच डोंगरावर वाढलेले असतात. शिवाय लिफ्ट नसेल तर प्रत्येक फेरीला स्की घालून चढावे लागते, आणि स्कीची कड बर्फात कशी रुतवायची हे त्या चढण्यातच पायाला कळते. लिफ्टने दिवसाला वीस फेऱ्या मारणाऱ्याला हे उशिरा उमगते.

निघण्याआधीचे सहा आठवडे

ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर, औली २,५०० ते ३,०५० मीटरवर. उंचीची तयारी घरी होत नाही, पायांची होते. किल्ला हाताशी आहे, त्याचा उपयोग करा. आठवड्यातून तीन दिवस उरवाई दरवाज्याच्या बाजूने चढा आणि उतरताना मुद्दाम सावकाश या, प्रत्येक पावलाला गुडघा थोडा वाकवून. स्कीवर मांडीचा पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार पेलत असतो. तो ताण चढताना नाही, उतरताना मिळतो. घरी भिंतीला पाठ टेकवून खुर्चीवर बसल्यासारखे ४५ सेकंद, असे तीन वेळा. एका पायावर उभे राहून दुसरा हळूहळू मागे नेण्याचा सराव दोन्ही पायांनी करा. ज्यांचा गुडघा आधीच दुखतो त्यांनी हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

कपड्यांत ग्वाल्हेरकरांची एक ठरावीक चूक होते. इथल्या थंडीसाठी घरात भरपूर लोकर असते, म्हणून तीच घेऊन जातात आणि आत सुती बनियन घालतात. सुती कपडा घामाने ओला झाला की वाळत नाही आणि चढून थांबल्यावर हुडहुडी भरते. अंगालगत पॉलिएस्टरचा किंवा लोकरीचा पातळ थर, त्यावर स्वेटर किंवा फ्लीस, सर्वांत वर पाणी न झिरपणारे जाकीट, असा क्रम ठेवा. मधला थर मेळ्यात किंवा तिबेटी बाजारात स्वस्तात मिळतो. जीन्स अजिबात नको. दोनदा पडलात की ती ओली होऊन फळीसारखी कडक होते. बाहेरची पँट औलीत भाड्याने मिळते. हातमोजे मात्र स्वतःचे, बाहेरून पाणी अडवणारे घ्या. लोकरीचे हातमोजे पहिल्या अर्ध्या तासात भिजतात. मोज्यांची एकच पातळ जोडी घालायची, पोटरीपर्यंत येणारी. दोन जोड्या घातल्या की पाय बुटात सरकतो, रक्त अडते आणि पाय उलट जास्त गार पडतो.

गॉगल यूव्ही-४०० असल्याची खात्री करा. उंची दर हजार मीटरने वाढली की अतिनील किरणे साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातला ८० टक्क्यांपर्यंत भाग परत तोंडावर फेकतो. नाकाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखालीही सनस्क्रीन लावा. तिथेच लोक विसरतात आणि तिथेच कातडी सोलते.

प्रवास

उज्जैन-इंदूरकडून येणारी गाडी ग्वाल्हेरहून थेट हरिद्वारला नेते. जानेवारीत दिल्लीच्या अलीकडे-पलीकडे धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात, म्हणून पोहोचायच्या दिवशीच पुढची टॅक्सी ठरवू नका. रात्री ऋषिकेशला मुक्काम करा आणि पहाटे निघा. देवप्रयाग, गढवालातले श्रीनगर, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, चमोली, पिपळकोटी असा सुमारे २५० किलोमीटरचा रस्ता आहे, आणि दरड कोसळलेली नसली तरी नऊ-दहा तास जातात. अंधारात घाटात गाडी चालवायला सांगू नका.

पहिली रात्र जोशीमठात काढा. ते १,९०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे शरीराला एक टप्पा मिळतो. तिथून औली रस्त्याने सुमारे १४ किलोमीटर. बर्फ पडला की शेवटच्या वळणांवर गाडीच्या चाकांना साखळ्या लागतात. साखळी असलेला स्थानिक चालकच घ्या. औलीत पहिल्या दिवशी डोके दुखले, मळमळले, झोप नीट लागली नाही, तर दुसऱ्या दिवशी चढू नका. त्रास वाढत असेल तर खाली जोशीमठला उतरणे हाच उपाय.

हंगाम जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत. बर्फ पश्चिमी झंझावातांनी येतो. एक झंझावात येऊन गेला की दोन-तीन दिवसांनी उतार सर्वांत चांगला असतो: रस्ता मोकळा झालेला, बर्फ बसलेला. म्हणून तारखा चार-पाच दिवस मागेपुढे सरकवता येतील अशाच ठेवा. गढवाल मंडळ विकास निगम ७ आणि १४ दिवसांचे स्की अभ्यासक्रम चालवते; त्यांच्याकडे जागा नसेल तर गावातला प्रशिक्षक दिवसाच्या बोलीवर मिळतो. दोन-तीन दिवसांत स्की येत नाही. किमान पाच दिवस उतारावर हवेत. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची गिर्यारोहण आणि स्की संस्थाही इथेच आहे; त्यांचे प्रशिक्षण किंवा स्पर्धा असेल तर उताराचा काही भाग बंद असतो, हे आधी फोनवर विचारून घ्या.

भाड्याचे सामान स्वतः तपासा

या भागावर आम्ही सर्वांत जास्त भर देतो, कारण छोट्या ठिकाणी सामान जुने असते आणि दुखापती इथूनही सुरू होतात.

आधी बूट. आतले अस्तर बाहेर काढा, नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घाला आणि बोटे पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. जास्त उरली तर बूट मोठा आहे, आणि मोठ्या बुटात स्की वळत नाही, फक्त पाय वळतो. मग अस्तर घालून बूट चढवा, टाच दोनदा जमिनीवर आपटून मागे बसवा आणि चार बकलांपैकी घोट्याजवळची आधी लावा, मग वरची, शेवटी बोटांवरची अगदी सैल. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकी लागावीत आणि गुडघा पुढे वाकवल्यावर मागे सरकावीत. पायजम्याची कड किंवा थर्मलची घडी बुटात जाऊ देऊ नका; संध्याकाळपर्यंत नडगीवर वळ उठतो. बूट जुना असेल तर बकलांभोवती आणि तळाशी बारीक चिरा शोधा. ही प्लास्टिके हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षे कुजतात आणि थंडीत अचानक फुटतात.

नंतर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणारा आणि पडल्यावर सोडणारा भाग. बुटाच्या टाचेजवळ तळाची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ ३०५. बाइंडिंग त्या लांबीला जुळवलेले हवे. भाड्याच्या दुकानात आधीच्या गिऱ्हाईकाच्या बुटाला जुळवलेली स्की तशीच पुढे दिली जाते, म्हणून स्क्रूड्रायव्हर घेऊन समोर जुळवून मागा. पुढच्या आणि मागच्या भागावरच्या खिडकीत एक आकडा दिसतो. ६० ते ७० किलो वजनाच्या नवशिक्याला तो बहुधा ४ ते ५.५च्या दरम्यान असतो. पन्नाशी ओलांडलेल्यांना आणि लहान मुलांना आणखी कमी. नेमका आकडा वजन, उंची, वय आणि बुटाची लांबी पाहून तक्त्यावरून ठरतो, अंदाजाने नाही. आकडा जास्त असेल तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळतो. कमी असेल तर नुसत्या धक्क्याने सुटते. बाइंडिंगखालचे दोन्ही ब्रेकचे दांडे शाबूत आहेत ना, ते पाहा. ब्रेक नसलेली सुटलेली स्की खाली कुणाला लागली तर हाड मोडते.

स्कीची लांबी हनुवटीपर्यंत पुरे. दुकानदार मोठी देत असेल तर घेऊ नका. कडेवर नखाची पाठ हलके घासा, पांढरी भुकटी निघाली तर कड धारदार आहे. तळाला खोल खाच असेल आणि आतला थर दिसत असेल तर जोडी बदलून घ्या. पोल, म्हणजे हातातली काठी, उलटा धरून टोकाजवळच्या चकतीच्या खाली मुठीत घ्या. कोपर काटकोनात आले की माप बरोबर. हेल्मेट मागून घ्या, नसेल तर पुढचे दुकान पाहा.

उतारावर

पहिल्या दिवशी स्की न घालता बुटांनी चाला. मग एकच स्की घालून सपाटीवर सरका, नंतर दुसऱ्या पायाची. घालताना बुटाच्या तळाचा बर्फ पोलच्या टोकाने पूर्ण खरवडा. सोल आणि बाइंडिंगमध्ये थोडा बर्फ अडकला तरी बाइंडिंग लागल्यासारखे वाटते आणि पहिल्याच वळणावर उघडते. उतारावर असाल तर दोन्ही स्की उताराला आडव्या ठेवून आधी खालच्या पायाची घाला.

उतार कुठे ओढतो हे कळत नसेल तर बर्फाचा गोळा सोडून पाहा. तो ज्या रेषेत घरंगळतो तिला आडवे उभे राहिलात तर घसरणार नाही. चढण्याच्या दोन पद्धती आहेत. तीव्र जागी आडवे उभे राहून वरच्या बाजूची कड दाबत एकेक पाऊल बाजूला टाकायचे. सौम्य जागी टोके उघडी, मागचे भाग जवळ, आणि आतल्या कडांवर भार देत बदकासारखे चालायचे. एका वेळी तीस-चाळीस पावले, मग विश्रांती. दम लागला की पावले लहान करा, थांबायची वाट पाहू नका.

उतरताना स्नोप्लाव: टोकांमध्ये वीतभरापेक्षा कमी अंतर, मागचे भाग रुंद, गुडघे आत दाबलेले, नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली. मागचे भाग जितके रुंद तितका वेग कमी. भीतीने मागे झुकणे ही सर्वांत मोठी चूक. मागे झुकल्यावर टोके हलकी होतात, ताबा जातो आणि वेग वाढतो. प्रशिक्षक «घुटना आगे» ओरडतो ते त्यासाठीच. टोके एकमेकांवर चढत असतील तर ती जरा लांब ठेवा आणि नजर स्कीवरून उचलून दहा मीटर पुढे टाका.

वळायचे असेल तर बाहेरच्या पायावर भार द्या: डावीकडे वळायला उजव्या पायावर, उजवीकडे डाव्या. खांदे फिरवू नका. थांबणे पक्के जमेपर्यंत वरच्या उताराकडे जाऊ नका, सोबतचे कितीही बोलावोत.

पडायचे असेल तर बाजूला पडा, हात पाठीमागे टेकू नका. अर्धवट बसून स्वतःला सावरण्याचा प्रयत्न गुडघ्याचा बंध तोडतो. उठताना स्की शरीराच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या आणा, मग उठा. खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला, वरून येणाऱ्याने वळून जायचे. चढणाऱ्यांनी कडेने चढावे, मधोमध थांबू नये.

बर्फ पातळ असेल तर सकाळी नऊपूर्वी उतार रात्रीच्या गोठणीने काचेसारखा असतो आणि दुपारी दोननंतर लापशी होते. दहा ते एक हा काळ पकडा. बर्फातून गवताचे टोक दिसले की तिथून दूर राहा. खाली दगड असतो. सूर्याकडे तोंड केलेली बाजू आधी उघडी पडते, झाडांच्या सावलीतला पट्टा टिकतो. ओला बर्फ तळाला चिकटून स्की अडखळत असेल तर साधी पांढरी मेणबत्ती तळावर घासून हाताने पसरवा. तासभर तरी निभते.

स्की-लिफ्ट चालू असली तर तिच्या दांड्यावर बसू नका, उभे राहून ओढून घ्या. पडलात तर लगेच लोळत मार्गाबाहेर व्हा, मागून दुसरा येत असतो. चेअरलिफ्टवर पोलचे पट्टे मनगटातून काढून एका हातात धरा.

गुडघ्यात «टक्» असा आवाज होऊन तासाभरात सूज आली तर त्या दिवशी पुन्हा स्की घालू नका, चालता आले तरीही. पाय उंच ठेवा, बर्फाचा शेक द्या आणि जोशीमठच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. निघण्याआधीच आरोग्य विम्याच्या कागदांत साहसी खेळ वगळले आहेत का ते वाचा. पुष्कळ पॉलिसींत वगळलेले असतात.

राहायला जोशीमठ किंवा औलीतले घरगुती मुक्काम निवडा आणि प्रशिक्षकाचे पैसे त्याच्या हातात द्या, दलालाच्या नाही. जमीन खचल्यापासून इथल्या कुटुंबांचा हंगाम फार आखूड झाला आहे आणि उतार जिवंत ठेवणारी माणसे तीच आहेत. संध्याकाळी बुटांची अस्तरे बाहेर काढून खोलीत वाळत घाला, हीटरला चिकटवून नव्हे, हातभर अंतरावर. ओल्या अस्तराने दुसऱ्या दिवशी पायाची बोटे बधिर होतात.