दाराला पितळेची मूठ: जंतू रोखणारा पृष्ठभाग कसा निवडावा, कसा सांभाळावा

कोविडच्या काळात आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये बटणांवर एक पारदर्शक पट्टी चिकटवली होती. तिच्यावर 'अँटिबॅक्टेरियल' असं छापलेलं. थोड्याच दिवसांत कडा सुटल्या, आत मळ साचला आणि पट्टी आहे म्हणून बटणं पुसायचंही राहून गेलं. हा दुसरा तोटा मला जास्त मोठा वाटतो.

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात हाच प्रश्न फार गंभीर आहे. तिथे खिडकी उघडता येत नाही, नोव्हेंबर २००० पासून माणसांचा मुक्काम अखंड चालू आहे आणि भारहीनतेत शरीराची प्रतिकारशक्तीही मंदावते. म्हणून तिथे चांदी आणि रुथेनियम या धातूंचा लेप दिलेले नमुने मुद्दाम शौचालयाच्या दारावर लावून पाहिले. सहा महिन्यांनी त्यांच्यावर एकही जिवंत जीवाणू मिळाला नाही. बारा आणि एकोणीस महिन्यांनी मिळून बाराच सापडले, म्हणजे साध्या स्टीलच्या मानाने सुमारे ८० टक्के कमी. ते बारा तरी कसे वाचले? संशोधकांच्या मते धूळ आणि मेलेल्या पेशी साचत गेल्या, त्यामुळे जंतूचा धातूला थेट स्पर्श होण्यात अडथळा आला. आमच्या लिफ्टमधल्या पट्टीचीही अडचण मळाचीच होती.

आता आपल्या इमारतीत, वसतिगृहात किंवा छोट्या दवाखान्यात काय करायचं ते पाहू.

१. जागा हेरा. एक दिवस नुसतं बघा, अनेकांचे हात कुठे लागतात. फाटकाची कडी, लिफ्टची बटणं, जिन्याचा कठडा, सामायिक नळ, शौचालयाची आतली कडी. भिंती आणि फरशीवर महागडे लेप देण्यात पैसे घालवू नका.

२. आधी ओल काढा. 'मीर' या रशियन अंतराळस्थानकात खिडकीवरसुद्धा बुरशी वाढली होती. माणसांच्या श्वासातली आणि घामातली वाफ थंड कोपऱ्यात जमते आणि बुरशीला तेवढं पुरतं. आपल्याकडे पावसाळ्यात जिन्याखाली हेच होतं. गळका पाइप दुरुस्त करा, हवा खेळती ठेवा. ओल्या भिंतीपुढे कोणताही लेप टिकत नाही.

३. धातू पारखून घ्या. सामान्य माणसाला परवडणारा आणि नीट तपासला गेलेला पर्याय म्हणजे तांबं आणि त्याचे मिश्रधातू, त्यातही पितळ. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना जीवाणूनाशक म्हणून नोंदणी दिली. नियमित साफ केलेल्या पृष्ठभागावर दोन तासांत ९९.९ टक्के जीवाणू मरतात, असा दावा करायला परवानगी मिळाली. त्यासाठी तांब्याचं प्रमाण साधारण ६० टक्के तरी हवं. तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, जंतूचं बाहेरचं आवरण फोडतात आणि मग आतली यंत्रणा मोडते.

'दोन तास' हे शब्द नीट लक्षात घ्या. तुमच्यामागून पाच मिनिटांनी येणाऱ्याला ही मूठ वाचवत नाही. साबणाने हात धुणं सुटत नाही.

दुकानात भरीव पितळ मागा. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. मात्र चिकटला नाही म्हणजे भरीव पितळच, असं नाही. जस्तावरही मुलामा देतात. म्हणून वजनही हातात घेऊन बघा. सगळ्यात मोठी फसगत लॅकरची. चकाकी टिकावी म्हणून मुठीवर पारदर्शक थर देतात. आपण पितळेच्या पातेल्याला कल्हई का करतो? आंबट पदार्थाला पितळ लागू नये म्हणून. लॅकरही तेच करतं. इथे मात्र आपल्याला धातूचा स्पर्श हवा असतो. बिनलॅकरचीच मूठ घ्या.

४. रोज पुसा. साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं फिरवायचं, मग कोरडं. मेण किंवा चमक टिकवणारं पॉलिश नको, त्याचाही थर बसतो. पितळ काळवंडलं तरी त्याचं काम थांबत नाही; शोभेसाठी चिंच लावायची तर लावा, पण नंतर पाण्याने पूर्ण धुऊन टाका. ब्लीच पितळेला खातं, ते फरशीपुरतं ठेवा. आणि ब्लीच कधीही आम्लाच्या टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

५. वार ठरवा. अंतराळवीर दर आठवड्याला, बहुधा शनिवारी, सगळे हात लागणारे भाग जंतुनाशक फडक्याने पुसतात आणि हवेच्या जाळ्या साफ करतात. सोसायटीच्या फलकावरही वार आणि पुसणाऱ्याचं नाव लिहा.

मूठ बसवल्यावर काही महिन्यांनी, जिथे हात कमी लागतो तिथे तिचा रंग बघा. तो गडद होऊ लागला असेल तर लॅकर नाही. पहिल्या दिवसासारखी पिवळीधमक असेल तर वर थर असण्याचीच शक्यता जास्त. रंगाऱ्याकडून तो काढून घ्या.