तुकडे पाडणाऱ्या फंक्शनची टेस्ट फक्त लिस्टवर लिहू नका

पायथॉनमधे लिस्टचे ठराविक साइजचे तुकडे करणारं फंक्शन आपण कधी ना कधी लिहितोच, आणि टेस्टमधे 10 आकडे देऊन पाच-पाचचे दोन तुकडे आले की काम झालं असं वाटतं, पण त्यात काहीच सापडत नाही कारण तिथे बाकी उरतच नाही. 7 अक्षरं घ्या, तुकडा 3 चा, मग शेवटचं एकटं अक्षर येतंय की गायब होतंय ते लगेच दिसतं. साध्या झिपने (अनेक याद्यांमधून एकेक आयटम एकत्र उचलणारं, सगळ्यात छोटी यादी संपली की थांबणारं फंक्शन) लिहिलं असेल तर ते हमखास गळतं.

रिकामी लिस्ट, एकच आयटम आणि साइज शून्य हे पण टाकाच. शून्याला एरर आलीच पाहिजे, पायथॉन 3.12 मधे आलेलं इटरटूल्सचं (पायथॉनसोबत येणारं मॉड्यूल) असेच तुकडे पाडणारं बॅच्डसुद्धा तिथे व्हॅल्यूएरर देतं.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोच डेटा जनरेटरमधून, म्हणजे मागितला की एकेक आयटम तयार करून देणाऱ्या गोष्टीतून, देऊन बघा. जनरेटरला लांबी मोजणारं लेन चालत नाही, मधला भाग कापून घेता (स्लाइस) येत नाही आणि एकदा वाचला की संपला, त्यामुळे फंक्शन आतल्या आत त्यावरून दोनदा फिरत असेल तर दुसऱ्या वेळी हाती काही लागत नाही, एररही येत नाही, नुसतं चुकीचं उत्तर येतं आणि मग शोधत बसा. फंक्शन लेझी, म्हणजे मागितलं तेवढंच वाचणारं, असायला हवं असेल तर इटरटूल्सचा काउंट द्या, तो एकापुढे एक आकडे देत राहतो आणि संपतच नाही, नेक्स्टने पहिला तुकडा मागा, टेस्ट लटकली तर आत कुठेतरी अख्खी लिस्ट बनतेय. या टेस्टला टाइमआउट (ठराविक वेळेनंतर टेस्ट थांबवणारी मर्यादा) मात्र लावाच, नाहीतर मेमरी भरत जाते.