टेकडीवरच्या कार्बनची नोंद: दुष्काळी वर्षात या चुका टाळा

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर कायमचा प्लॉट आखून माती-झाडांतल्या कार्बनची नोंद ठेवायला घेतली, की चांगल्या पावसाच्या वर्षी सगळं सुरळीत चालतं. घोळ होतो तो कोरड्या वर्षी, आणि आपल्याला तर तीच वर्षं समजून घ्यायची असतात.

सगळ्यात महागात पडते ती वळवाची पहिली सर हुकणं. महिन्याच्या ठरल्या तारखेला मातीचा श्वास, म्हणजे तिच्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, मोजून आपण निर्धास्त होतो. पण महिनोन्महिने तापलेल्या मातीवर पाऊस पडला की काही तासांतच कार्बन डायऑक्साइड उसळून बाहेर येतो. वाचलेले सूक्ष्मजीव जागे होतात आणि मेलेल्यांचे अवशेष फस्त करतात. संशोधक बर्च यांनी १९५८ साली पूर्व आफ्रिकेतल्या मातीबद्दल हे मांडलं, म्हणून त्याला ‘बर्च परिणाम’ म्हणतात. काही दिवसांत हा भर ओसरतो. पुढच्या तारखेला गेलात तर काहीच सापडत नाही. म्हणून मे महिन्यात ढग दाटायला लागले की चेंबर (मातीवर ठेवून हा वायू मोजायचं बंद भांडं) आणि चार्ज केलेली बॅटरी हाताशी ठेवा. सर थांबताच मोजा, संध्याकाळी पुन्हा, मग आठवडाभर रोज.

आकडा एकदम चढला म्हणून ‘यंत्र बिघडलं’ असं ठरवून खोडू नका. आधी ओलाव्याची नोंद बघा. तीही चढली असेल, तर आकडा बहुधा खरा आहे. ओलावा तसाच असेल, तर चेंबर बसवायची जमिनीतली कडी नुकतीच ठोकली होती का ते विचारा. मुरमाड जमिनीत कडी बसवताना माती हलते, मुळं तुटतात. निदान एक दिवस आधी बसवून ठेवावी.

झाडाचा घेर मेमध्ये एकदा आणि सप्टेंबरात एकदा घेतलात, तर पाण्याने फुगलेलं खोडच ‘वाढ’ म्हणून वहीत जाईल. दरवर्षी एकाच पंधरवड्यात, १.३७ मीटरवर मारलेल्या रंगाच्या पट्ट्यावरच टेप लावा.

यंत्र बदलायचंच असेल, तर जुनं-नवं एक हंगाम शेजारी शेजारी चालवा.

वठलेलं झाड यादीतून काढणं ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. दुष्काळाने खचलेलं झाड कधीकधी एक-दोन पावसाळे काढून मग मरतं. उभ्या वाळलेल्या ग्लिरिसिडियातही कार्बन असतोच, कुजताना तो हळूहळू सुटतो. कुणी सरपणाला तोडून नेलं, तर तेही तारखेसह लिहा. खोड आडवं झालं तरी त्याचा नंबर दुसऱ्या झाडाला देऊ नका.