नाटकांची थीम राउंड सोडवताना

थीम राउंडला, म्हणजे सगळी उत्तरं एकाच धाग्यात ओवलेली असतात अशा क्विझच्या फेरीला, पहिल्यांदा बसणारी मुलं प्रत्येक प्रश्न सुटा धरतात आणि पुढे जातात. खरी गंमत उत्तरं एकमेकांशेजारी ठेवल्यावर सुरू होते. नागपुरात कॉलेजच्या मुलांसोबत मी अशा फेऱ्या सोडवते, त्यातली माझी आवडती सांगते.

गंगा पृथ्वीवर आणणारा राजा कोण? भगीरथ. कृष्णाने अर्जुनाला काय सांगितलं? गीता. वर्षेनंतरचा ऋतू? शरद. लडाखमधून वाहत पाकिस्तानात जाणारी नदी? सिंधू. पहिल्या दोन उत्तरांवर सगळे ‘पुराण’ म्हणून मोकळे होतात. पण शरद तिथे बसत नाही. न बसणारं उत्तर घट्ट धरायचं, कारण धागा बहुतेकदा त्याच्याच हातात असतो. पाचव्या प्रश्नात चंद्राचं चार अक्षरी नाव विचारलं होतं. ‘सुधाकर’ लिहिलं आणि माझ्या डोळ्यांपुढे शाळेतला वर्ग आला. ही तर ‘एकच प्याला’तली पात्रं!

आमच्या सरांनी ते नाटक वर्गात वाटून वाचून घेतलं होतं. तळीरामाची वाक्यं वाचणारा मुलगा बाकावर हात आपटत वाचायचा, सिंधू वाचणारी मुलगी मध्येच थांबली तर सर काही न बोलता वाट बघायचे. परीक्षेसाठी घोकलेल्या ‘टीपा लिहा’ कधीच पुसून गेल्या, ही नावं मात्र आवाजांसकट राहिली. म्हणून नव्यांना माझा आग्रह आहे की गाइड बाजूला ठेवा, चार जण जमवा आणि एक अंक मोठ्याने वाचा.

त्या फेरीचा शेवटचा प्रश्न होता, नाटककाराचं निधन कुठे झालं? राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले. सावनेर आपल्याच जिल्ह्यातलं, हा प्रश्न नागपूरकराने सोडता कामा नये.

सनावळी लागतेच, पण थोडी. १८४३ ला सांगलीत विष्णुदास भावे यांचं ‘सीतास्वयंवर’, १८८० ला किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’. १९६७ एकदा लक्षात ठेवलं की दोन नाटकं मिळतात, तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’. बाकीची वर्षं नाटक वाचता वाचता जमा होतात.

सोडवण्याचा हात बसला की स्वतः एक फेरी रचून पाहा. प्रश्न काढणारा कुठून विचार करतो ते त्यातूनच कळतं. सुरुवातीला महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ घ्या, विदर्भातल्या देशपांड्यांच्या घरातलं. पात्रांच्या यादीत भास्कर आहे, प्रभा आहे, पराग आहे. सूर्य, तेज आणि फुलातली धूळ, तीन प्रश्न तर आयतेच मिळाले. चौथा याच यादीतल्या रंजूवर काढून दाखवा.