सौर यंत्रणेचा ब्रेकर वारंवार पडत असेल तर दोष कसा शोधावा

छतावरची सौर यंत्रणा नीट वीज देत असते, तरी मधूनच ब्रेकर पडतो. तो वर केला की काही तास सगळे सुरळीत चालते आणि मग पुन्हा तेच. अशा वेळी ब्रेकरच खराब झाला असे समजून तो बदलण्याची किंवा त्याहून मोठा बसवण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा ब्रेकर आपले काम चोख करत असतो. चुकलेली असते ती त्याची निवड, त्याची जोडणी किंवा पुढची वायर.

सर्वप्रथम नेमके काय पडते ते पाहावे. एमसीबी जादा प्रवाह किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडतो, तर चाचणीची कळ असलेला आरसीसीबी जमिनीकडे प्रवाह गळू लागला की पडतो. दोन्ही वर असूनही इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज घरातल्या एसी, म्हणजे प्रत्यावर्ती विजेत बदलणारे यंत्र) थांबत असेल, तर प्रश्न ब्रेकरचा नाही. इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा दोष-संकेत वाचावा.

त्यानंतर काही दिवस ब्रेकर पडण्याची वेळ, हवामान आणि त्या क्षणी चालू असलेली उपकरणे लिहून ठेवावीत. ही नोंद कंटाळवाणी वाटते, पण निम्मे निदान तिथेच होते. भर दुपारी कडक उन्हात पडत असेल तर उष्णता आणि प्रवाहाकडे पाहावे. दव पडलेल्या सकाळी किंवा पावसात पडत असेल तर गळतीकडे.

दुपारी पडणाऱ्या एमसीबीचे गणित सोपे आहे. ५ किलोवॉटचा एकफेजी इन्व्हर्टर २३० व्होल्टवर सुमारे २२ अँपिअर देतो, आणि तोही तासन्‌तास. घरगुती एमसीबीची क्षमता साधारणपणे ३० अंश सेल्सिअस तापमान धरून ठरवलेली असते, त्यामुळे उन्हात तापलेल्या बंद पेटीत, शेजारी तसेच गरम ब्रेकर असताना, २५ अँपिअरचा एमसीबी त्याआधीच पडू शकतो. सैल टर्मिनलही तेवढीच उष्णता निर्माण करते. म्हणून वीज बंद करून स्क्रू योग्य ताणाने आवळावेत, पेटी सावलीत घ्यावी आणि ब्रेकरांमध्ये अंतर ठेवावे. मोठा ब्रेकर तेव्हाच बसवावा, जेव्हा वायरची जाडी आणि इन्व्हर्टरची माहितीपुस्तिका दोन्ही त्याला परवानगी देतात; नाहीतर ब्रेकरऐवजी वायर तापू लागेल.

आरसीसीबीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पॅनेलचे सेल आणि अर्थिंगला जोडलेली चौकट यांच्यात नकळत एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारी रचना) तयार होतो, आणि काच ओली झाली की त्याची क्षमता वाढते. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरमध्ये त्यातून थोडा प्रवाह सतत जमिनीकडे जात राहतो, कुठेही बिघाड नसला तरीही. त्यातच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कुठेही पडू शकतो. घरातल्या संगणकांची आणि वॉशिंग मशीनची किरकोळ गळती याच आरसीसीबीवर आली, तर एका ओल्या सकाळी मर्यादा ओलांडली जाते. गळती मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरमध्ये फेज आणि न्यूट्रल एकत्र घेऊन कोरड्या दुपारी आणि ओल्या सकाळी, दोन्ही वेळा माप घ्यावे. नेहमीचीच गळती १० मिलिअँपिअरच्या आसपास असेल, तर इन्व्हर्टरला स्वतंत्र आरसीसीबी द्यावा. तो १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा चालेल का, हे लागू नियम आणि माहितीपुस्तिका पाहून ठरवावे. सॉकेटचे ३० मिलिअँपिअरचे संरक्षण मात्र कधीही काढू नये.

आरसीसीबीचा प्रकारही तपासावा. एसी प्रकार फक्त साधी प्रत्यावर्ती गळती ओळखतो, ए प्रकार स्पंदित डीसीही ओळखतो आणि बी प्रकार सलग डीसीही. इन्व्हर्टरकडून डीसी गळती येणे शक्य नाही अशी उत्पादकाची हमी नसेल, तर बी प्रकार लागतो. याशिवाय आरसीसीबीच्या पुढचा न्यूट्रल अर्थिंगला किंवा दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडला गेला आहे का, हे आवर्जून पाहावे. बॅकअप असलेल्या यंत्रणेत ही चूक सहज होते.

एवढे करूनही आरसीसीबी पडत असेल, किंवा इन्व्हर्टर सकाळी सुरू होतानाच इन्सुलेशनचा दोष दाखवत असेल, तर खरा बिघाड डीसी बाजूला असण्याची दाट शक्यता आहे. हे काम जाणकार वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे, कारण उजेड असेपर्यंत पॅनेलच्या वायरींत शेकडो व्होल्ट असतात आणि प्रवाह चालू असताना कनेक्टर ओढल्यास ठिणगीचा झोत पेटतो. आधी इन्व्हर्टरची एसी बाजू, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद करून तंत्रज्ञाने एकेक स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलांची साखळी) वेगळी करावी आणि मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासावी; १ मेगाओहमपेक्षा कमी वाचन आलेली स्ट्रिंग दोषी समजावी. पाण्यात लोळणारा कनेक्टर, क्लॅम्पखाली चिरडलेली केबल, उंदरांनी कुरतडलेले आवरण आणि पाणी साचलेला पाइप या जागा आधी पाहाव्यात.

दुरुस्तीनंतर वीज चालू असताना आरसीसीबीची चाचणीची कळ दाबून तो पडतो याची खात्री करावी, आणि पहिल्या पावसानंतरच्या सकाळी गळतीचे माप पुन्हा घ्यावे.