निनावी ग्रुपमध्ये फूट पडायला लागली तर काय करायचं

आधी चाव्या कुणाकडे आहेत ते बघा, कोण बरोबर कोण चूक ते नंतर. चाव्या म्हणजे सर्व्हर, पासवर्ड, अकाउंट, मेंबरांची माहिती. २०११ च्या मे महिन्यात अॅनॉनिमस या निनावी हॅकर-आंदोलकांच्या गटाचं अॅनऑप्स नावाचं चॅट नेटवर्क होतं, तिथल्या एका ऑपरेटरचं बाकीच्यांशी बिनसलं, त्यानं नेटवर्कच ताब्यात घेतलं आणि वर सहाशेहून जास्त लोकांची टोपणनावं आयपी अॅड्रेससकट, म्हणजे ज्यावरून माणसाचा माग काढता येतो त्या इंटरनेटवरच्या पत्त्यासकट, उघड केली. भांडण मोजक्या लोकांचं, उघडी पडली भलतीच माणसं. म्हणून चावी कमीत कमी तिघांकडे हवी, आणि जी माहिती लागत नाही ती साठवायचीच नाही. आमच्या नदी वाचवा ग्रुपचा अॅडमिन रुसून गेला तेव्हा पेजही गेलं आणि दोन वर्षांचे फोटोही, अजून वाईट वाटतं.

मग भांडण कशावरून आहे ते ओळखा. २००८ मध्ये सायंटॉलॉजी या अमेरिकेतल्या पंथाविरुद्ध मुखवटे घालून लोक रस्त्यावर उतरले तेव्हाच अॅनॉनिमसमध्ये दोन तट पडले होते, एक नुसती धमाल करायला आलेल्यांचा आणि दुसरा खरंच चीड आलेल्यांचा. असं भांडण मतदान घेऊन मिटत नाही कारण दोघांना हवंय तेच वेगळं आहे, तिथं सरळ वेगळं व्हा, नवीन नाव घ्या, जुन्या नावासाठी ओढाताण करू नका.

पण कुणाचं नाव जाहीर करायचं असेल तर मात्र एकाचाही आक्षेप आला की थांबायचंच. २०१४ ला अमेरिकेतल्या फर्ग्युसन गावात मायकल ब्राउन या तरुणाला पोलिसानं गोळी घातली, तेव्हा अॅनॉनिमसच्या एका ट्विटर अकाउंटनं त्या पोलिसाचं म्हणून एक नाव टाकलं, आतले काही जण नको नको म्हणत होते तरी टाकलं, आणि ते साफ चुकीचं निघालं. त्या बिचाऱ्या माणसाचा काडीचा संबंध नव्हता.

आता संशय. साबू हा अॅनॉनिमसमधूनच निघालेल्या लल्झसेक या हॅकर टोळीचा म्होरक्या, जून २०११ मध्ये एफबीआयनं पकडला आणि तेव्हापासून तो त्यांच्यासाठी काम करत होता, बाकीच्यांना कळलं मार्च २०१२ मध्ये. त्यानंतर जो तो एकमेकांकडे संशयानं बघायला लागला. माझं मत विचाराल तर फितूर शोधत बसूच नका, त्यात ग्रुप लवकर मरतो. कायद्यात बसेल तेवढंच करा आणि कुणी सारखं बेकायदा काहीतरी करायला भरीला घालत असेल तर त्याला सगळ्यांसमोर नाही म्हणा, मग तो कितीही जुना असो.

आणि वेगळं व्हायचं ठरलंच तर त्याच दिवशी सगळे पासवर्ड बदला, दोन्ही बाजूंनी मिळून दोन ओळींची एकच पोस्ट टाका, आणि समोरच्याचं खरं नाव माहीत असेल तर ते कुणालाही सांगू नका, घरच्यांनासुद्धा.