मायनर लीगमध्ये खेळाडू घडतो कसा, बिघडतो कसा: आइस हॉकीत काम करू पाहणाऱ्यांसाठी

कॅनडात शिकायला आलेली मराठी मुलंमुली हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. स्पोर्ट्स मॅनेजमेंटचा किंवा डेटाचा कोर्स चालू आहे, आइस हॉकीत काम मिळेल का? मी ओंटारियोतल्या एका ज्युनियर संघासाठी व्हिडिओचं काम करते आणि सवड मिळाली की टोरांटो मार्लीजचे सामने बघायला एक्झिबिशन प्लेसला जाते. माझं उत्तर ठरलेलं आहे: काम मिळेल, पण त्यासाठी मायनर लीग, म्हणजे सर्वांत वरच्या एनएचएलखालच्या लीग, बघायला शिका. एनएचएलचा प्रत्येक सामना शेकडो जाणकार बघत असतात, आकडे सगळ्यांकडे असतात. खालच्या लीगमध्ये विशीतली मुलं घडत किंवा बिघडत असतात आणि तिकडे बारकाईने बघणारे डोळे फार कमी.

आधी रचना समजून घ्या. एनएचएलमध्ये ३२ संघ. त्याखाली अमेरिकन हॉकी लीग, म्हणजे एएचएल, तिथेही ३२ संघ आणि प्रत्येकाचा एनएचएलमधल्या एका संघाशी करार. टोरांटो मेपल लीफ्सचे मार्लीज, डेट्रॉइटचे ग्रँड रॅपिड्स ग्रिफिन्स, एडमंटनचे बेकर्सफील्ड काँडर्स. त्याच्याही खाली ईसीएचएल. ड्राफ्ट, म्हणजे एनएचएल संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडणं, सात फेऱ्यांचा, आणि निवडलेली बहुतेक मुलं १८ वर्षांची. त्यांतली अगदी मोजकी थेट एनएचएलमध्ये टिकतात, बाकीच्यांचा रस्ता एएचएलवरून जातो.

आता नियमांकडे. हा भाग रुक्ष वाटतो म्हणून नवे लोक टाळतात, पण निम्मे निर्णय इथेच होतात. १८ ते २१ या वयात सही केलेल्या खेळाडूचा पहिला करार तीन वर्षांचा असतो. १८ किंवा १९ वर्षांचा खेळाडू एनएचएलमध्ये दहापेक्षा कमी सामने खेळला, तर त्याच्या कराराचं ते वर्ष मोजलं जात नाही, करार एक वर्ष पुढे सरकतो. म्हणून ऑक्टोबरअखेर एखाद्या मुलाचा नववा सामना झाला की सगळ्यांचे कान टवकारतात. दुसरा नियम कॅनडाच्या ज्युनियर लीगबद्दलचा, म्हणजे साधारण १६ ते २० वर्षांच्या मुलांच्या लीगबद्दलचा. तिथून ड्राफ्ट झालेला मुलगा २० वर्षांचा होईपर्यंत त्याला एएचएलमध्ये पाठवता येत नसे. एक तर एनएचएलमध्ये ठेवा, नाहीतर ज्युनियरला परत पाठवा. एनएचएल आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सप्टेंबर २०२६पासूनच्या नव्या करारात प्रत्येक संघाला १९ वर्षांच्या एका मुलापुरती सूट मिळाली आहे. युरोपातून ड्राफ्ट झालेल्या मुलांना मात्र हा अडसर नव्हताच, ती १८व्या वर्षीही एएचएल खेळू शकत होती. हा फरक लक्षात ठेवा, पुढच्या उदाहरणांत तोच कळीचा आहे.

एडमंटन ऑइलर्सनी २०१४मध्ये तिसऱ्या क्रमांकावर लिऑन ड्रायझाइटलला घेतलं. जर्मन मुलगा, पण ज्युनियर कॅनडात खेळलेला, त्यामुळे एएचएलचं दार बंद. त्याला एनएचएलमध्ये ३७ सामने खेळवलं, त्यात २ गोल झाले, आणि मग ज्युनियरला परत पाठवलं. कराराचं एक वर्ष खर्ची पडलं ते पडलंच. पण परतल्यावर जे घडलं ते बघा. केलोना रॉकेट्स या ज्युनियर संघात तो पहिल्या लाइनचा (लाइन म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारे तीन फॉरवर्ड) सेंटर झाला, प्रत्येक पॉवर प्लेला, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षा होऊन बाहेर असताना, बर्फावर, संघ त्याच्याभोवती उभा. केलोनाने लीग जिंकली, मेमोरियल कप या कॅनडाच्या ज्युनियर अजिंक्यपदाची अंतिम लढत हरूनसुद्धा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला बेकर्सफील्डला थोडे दिवस काढून तो वर गेला आणि तिथेच राहिला. २०२०मध्ये हार्ट ट्रॉफी, म्हणजे एनएचएलच्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा किताब, त्याच्या हातात होती.

त्याच संघाने २०१६मध्ये चौथ्या क्रमांकावर येसे पुल्युयार्वीला निवडलं. हा फिनलंडचा, म्हणजे एएचएल पहिल्या दिवसापासून खुली. तरी सुरुवात एनएचएलमध्येच केली. २८ सामने, १ गोल. परक्या देशात आलेला, भाषा जेमतेम येणारा १८ वर्षांचा पोरगा, कधी चौथ्या लाइनवर पाच-सात मिनिटं, तर कधी संघाबाहेर, प्रेसबॉक्समध्ये. जानेवारीत त्याला बेकर्सफील्डला पाठवलं, पुढच्या मोसमात पुन्हा तिथूनच सुरुवात, मग पुन्हा वर. २०१९मध्ये तो वैतागून फिनलंडला निघून गेला आणि एक अख्खा मोसम तिकडेच खेळला. त्याच्या खेळात उणिवा होत्या, नितंबाच्या शस्त्रक्रियेनेही वेळ खाल्ला, हे मान्य. पण ज्या मुलासाठी सोपा रस्ता उपलब्ध होता त्याला अवघड रस्त्यावर ढकललं, आणि ज्याच्यासाठी तो रस्ता बंद होता तो नाइलाजाने योग्य ठिकाणी पोहोचला. मला यात संघाची योजना कुठेच दिसत नाही.

माझं ठाम मत इथे सांगून टाकते. मुलाला वर लवकर नेलं की उशिरा, यावर लोक तासन् तास भांडतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा: जिथे ठेवलंय तिथे त्याला रोज कोणतं काम दिलंय आणि ते काम महिनाभर तरी त्याच्याकडे राहणार आहे का? चौथ्या लाइनवर पक बोर्डवर आपटून परत बाकावर येणाऱ्या गोलस्कोररला गोलस्कोरिंग विसरायलाच शिकवलं जातं. मोठ्या लीगची जर्सी अंगावर आहे म्हणून ते शिक्षण बदलत नाही.

शेन राइटचं प्रकरण म्हणून मला फार शिकवून गेलं. २०२२मध्ये सिॲटल क्रॅकनने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. शरद ऋतूत तो बहुतेक बाहेरच बसायचा, खेळला तर मोजकी मिनिटं. ज्युनियरमधला असल्यामुळे एएचएल बंद, पण बराच काळ न खेळलेल्या खेळाडूला सरावासाठी दोन आठवडे खाली पाठवता येतं, ती वाट सिॲटलने वापरली. कोचेला व्हॅलीत, म्हणजे सिॲटलच्या एएचएल संघात, ५ सामन्यांत ४ गोल. मग ज्युनियर विश्वस्पर्धेत कॅनडाचं कर्णधारपद आणि सुवर्ण, मग ओंटारियोतली ज्युनियर लीग. त्या मोसमात एनएचएलचे सामने झाले ८, म्हणजे दहाच्या आत. पुढच्या वर्षी विशेष सवलतीने तो जवळजवळ पूर्ण मोसम कोचेला व्हॅलीत खेळला, ५९ सामन्यांत २२ गोल. त्यानंतर एनएचएलमध्ये पहिल्या पूर्ण मोसमात १९. सुरुवात डळमळीत होती, पण सिॲटलने वेळेवर हात आवरला आणि मग जवळजवळ अख्खं वर्ष त्याला एकाच ठिकाणी, एकाच कामावर ठेवलं.

मॉन्ट्रियलने येस्पेरी कोटकानिएमीच्या बाबतीत उलटं केलं. २०१८मध्ये तिसरा क्रमांक, १८व्या वर्षी थेट एनएचएल, ११ गोल, सगळीकडे कौतुक. हेच मला धोक्याचं वाटतं. पहिलं वर्ष बरं गेलं की संघाला वाटतं शिक्षण संपलं. दुसऱ्या वर्षी तो अडखळला, फेब्रुवारी २०२०मध्ये लावालला, म्हणजे मॉन्ट्रियलच्या एएचएल संघात, पाठवला, तिथे १३ सामन्यांत १३ गुण केले. २०२१मध्ये कॅरोलायनाने त्याला एक वर्षासाठी ६१ लाख डॉलर्सचा प्रस्ताव दिला, मॉन्ट्रियलने तेवढेच पैसे द्यायची तयारी दाखवली नाही आणि मुलगा हातचा गेला. तोही युरोपातला होता. पहिल्या वर्षी लावाल खुलं होतं.

आता संथ शाळेबद्दल. केन हॉलंड व्यवस्थापक असतानाच्या डेट्रॉइटमध्ये खेळाडूला आढीतल्या आंब्यासारखं पिकू देत, एखादा दिवस जास्तच. जिमी हॉवर्ड हा गोली (गोलरक्षक) चार मोसम ग्रँड रॅपिड्सला खेळला, मग डेट्रॉइटचा मुख्य गोली झाला. तोमाश तातार तिथे २००९पासून चार मोसम. २०१३मध्ये ग्रिफिन्सनी कॅल्डर कप, म्हणजे एएचएलचं अजिंक्यपद, जिंकला आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तातार ठरला. अंतिम फेरीत समोर होतं सिराक्यूज, म्हणजे टँपा बेचा संघ, आणि त्यात ओंद्रेय पालाट आणि टायलर जॉन्सन. पालाट ड्राफ्टमध्ये २०८वा, जॉन्सनला कोणी ड्राफ्टच केलं नव्हतं. त्या अंतिम फेरीच्या आदल्या वर्षी हे दोघे नॉरफोकला, टँपाच्या तेव्हाच्या एएचएल संघात, जॉन कूपरच्या हाताखाली खेळत होते. त्या संघाने लागोपाठ २८ सामने जिंकले आणि कपही उचलला. कूपर २०१३च्या मार्चमध्ये टँपाचा कोच झाला. म्हणजे मुलं वर आली तेव्हा तीच पद्धत, तीच भाषा, तोच माणूस. २०२० आणि २०२१मध्ये टँपाने स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं अजिंक्यपद, जिंकले तेव्हा दोघेही संघात होते. ईसीएचएलपासून चढत आलेला यानी गूर्डसुद्धा.

पण संथपणाचीही पूजा करू नका. गुस्ताव न्यक्विस्ट २०१३च्या शरद ऋतूत एनएचएलसाठी तयार होता, हे बघणाऱ्या कुणालाही दिसत होतं. तरी मोसमाची सुरुवात त्याने ग्रँड रॅपिड्सला केली, कारण त्याला वेव्हर्सशिवाय खाली पाठवता येत होतं आणि वरच्या यादीत जागा नव्हती. वेव्हर्स म्हणजे खाली पाठवताना बाकी संघांना तो खेळाडू उचलायची मिळणारी संधी. ठरावीक वर्षं किंवा सामने होईपर्यंत तरुण खेळाडूंना त्यातून सूट असते. नोव्हेंबरमध्ये तो वर आला आणि ५७ सामन्यांत २८ गोल केले. कुठल्याही बातमीत ‘अजून तयार नाही’ असं वाचलंत की आधी त्या खेळाडूची वेव्हर्सची सूट तपासा.

आता प्रत्यक्ष कामाचं. एएचएलच्या सार्वजनिक स्कोअरशीटवर गोल, असिस्ट, शॉट्स मिळतात. कोण किती मिनिटं बर्फावर होता ते मिळत नाही. नवख्यासाठी ही सोन्याची खाण आहे. एका सामन्यात एकच खेळाडू धरा, स्टॉपवॉच घ्या आणि प्रत्येक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एकेक पाळी, मोजा. पॉवर प्लेच्या पहिल्या युनिटमध्ये आहे का, फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करणं) आपल्या झोनमध्ये असताना कोच त्याला पाठवतो का, तिसऱ्या पिरियडमध्ये एका गोलाची आघाडी असताना तो बाकावर बसतो का. चूक झाल्यानंतरची पुढची शिफ्ट वेगळी लिहून ठेवा. चांगला कोच त्याला पुन्हा पाठवतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या सरावात ती चूक दाखवतो. एएचएलमध्ये सामने बहुधा शनिवार-रविवारच्या आसपास, कधी तीन दिवसांत तीन, पण मधले दिवस सरावाला मिळतात. एनएचएलच्या धावपळीत ते दिवस नसतात आणि घडवण्याचं खरं काम त्या दिवसांतच होतं.

शेजारी कोण खेळतोय तेही लिहा. एएचएलचा नियम असा, की १८ स्केटर्सपैकी निदान १३ ‘डेव्हलपमेंट’ गटातले हवेत: त्यातल्या १२ जणांचे व्यावसायिक सामने २६०पर्यंत, तेराव्याचे ३२०पर्यंत. म्हणजे जुन्या खेळाडूंना जागा मोजक्याच. शहाणा संघ त्या जागांवर शिकवू शकणारी माणसं आणतो, तरुण सेंटरच्या बाजूला तिशीतला विंगर देतो. उतावळा संघ तिथे फक्त सामने जिंकून देणारे भरतो आणि पॉवर प्ले त्यांच्या हवाली करतो. तिकिटं खपतात, मुलं बघत बसतात.

गोलींची गोष्ट वेगळीच आहे. त्यांना खेळायला सामने लागतात, बस्स. विनिपेगने कॉनर हेलेबकला २०१४-१५मध्ये सेंट जॉन्सला, आपल्या तेव्हाच्या एएचएल संघात, एका मोसमात ५८ सामने दिले. पुढच्या वर्षी त्याने वर चांगला खेळ केला, तरी मुख्य गोली दुखापतीतून परतल्यावर त्याला पुन्हा खाली पाठवलं, बाकावर ठेवलं नाही. एखाद्या तरुण गोलीला वर ‘अनुभवासाठी’ नेऊन आठवडेच्या आठवडे बसवलेलं दिसलं, तर तारखा टिपून ठेवा.

अंतरही बघा. मार्लीज आणि लीफ्स एकाच शहरात. मॅनिटोबा मूस तर विनिपेग जेट्सच्याच इमारतीत खेळतात. २०१५मध्ये पाच एएचएल संघ कॅलिफोर्नियात हलले ते पश्चिमेकडच्या मूळ संघांना खेळाडू हाताशी हवे होते म्हणून. सोय मोठी आहे. धोकाही तोच: सकाळी वर, संध्याकाळी खाली, आणि मुलाला एकाही खोलीत आपलं कपाट वाटत नाही. वर-खालीच्या नोंदी तारखेनिशी ठेवा आणि प्रत्येक फेरीत तो वर किती मिनिटं खेळला ते लिहा. शून्य मिनिटांच्या फेऱ्या जास्त असतील, तर त्या संघाबद्दल बरंच कळतं.

पहिला खेळाडू कोण निवडावा असं विचाराल, तर ड्राफ्ट न झालेला निवडा. ब्रिटिश कोलंबियातल्या सरी शहराचा अर्शदीप बेन्स २०२१-२२मध्ये पश्चिमेच्या ज्युनियर लीगमध्ये ११२ गुणांसह अव्वल होता, तरी ड्राफ्ट झाला नव्हता. व्हँकुव्हरने करार केला, ॲबॉट्सफर्डला, म्हणजे आपल्या एएचएल संघात, खेळवलं, फेब्रुवारी २०२४मध्ये तो एनएचएलमध्ये पहिला सामना खेळला आणि २०२५मध्ये ॲबॉट्सफर्डने कॅल्डर कप जिंकला तेव्हा तो त्या संघात होता. अशा खेळाडूवर संघाची इभ्रत लागलेली नसते, त्यामुळे त्याला मिळालेली प्रत्येक शिफ्ट कोचच्या खऱ्या मताने मिळालेली असते. वही तयार झाली की तीन पानांचा अहवाल करा आणि जवळच्या ज्युनियर संघाच्या व्हिडिओ कोचला पाठवा. ऑगस्टच्या सुरुवातीला, प्रशिक्षण शिबिरं सुरू व्हायच्या आधी. नंतर त्यांना ईमेल उघडायलाही वेळ नसतो.